'रिलीव्ह्ड' म्हणजे काय

तलासरी, गुरुवार, १२ मार्च १९८७

मन थाऱ्यावर नाही. गेल्या आठवड्यात महादूकाका शाळेत आले होते. त्यांची सुमन नाशिकला सरकारी दवाखान्यात नर्स. तिकडून घरी आलेला इंग्रजी कागद त्यांना वाचून हवा होता. मी एका शब्दाला अडलो, रिलीव्ह्ड. इंग्रजीचा मास्तर, माहीत नाही कसं म्हणणार? म्हणालो, "कामावरून मोकळी केलीय."

"म्हणजे काढली?"

"तसंच दिसतंय."

तसंच दिसतंय! कसा बोललो मी हे?

आज आमच्याच एका शिक्षकाच्या बदलीच्या आदेशात तोच शब्द दिसला. त्याला तर कुणी काढलं नव्हतं. कोश उघडला. मूळ लॅटिन, ओझं हलकं करणं. कचेरीत मात्र, नव्या जागी जाता यावं म्हणून जुन्या कामातून मोकळं करणं.

तसाच सायकलवर त्यांच्या गावी गेलो. सुमन ओटीवर बसली होती. डहाणूला बदली होऊन आलेली, आणि बाप चार दिवस तिच्याशी बोलत नव्हता. ती परोपरीनं सांगत होती, पण त्यांचं एकच, "मास्तरांनी वाचलंय, ते खोटं कसं?"

मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. काका ओटीवर सुमनजवळ जाऊन बसले. मग लेकीला म्हणाले, "तू खरं बोलत होतीस, नि मी कागदाचं ऐकलं."

सुमन मला एका शब्दानंही बोलली नाही. उलट पाणी आणून दिलं.

नऊ वर्षं इथली माणसं आपले कागद माझ्याकडे आणतायत. आणखी कुणाकुणाला काय वाचून दाखवलंय मी?