आधी बोट

टिरेल बे, कॅरियाकू
११ फेब्रुवारी, मंगळवार

क्लॅरिबेलताईस,

पत्राच्या सुरुवातीला समोरच्याची तब्येत विचारायची असते, म्हणून विचारते. तुझे गुडघे कसे आहेत? इंग्लंडात बर्फ पडला का? झालं विचारून. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतलाय. इथे तुला मध्येच तोडता येणार नाही.

तुझं पार्सल पोचलं. लोकरीचे मोजे आईनं उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "हिला वाटतं मी मेले, पाय गार पडलेत माझे." सोबतचं वृद्धाश्रमाचं रंगीत पुस्तकही चाळलं तिनं. त्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या एकाच दिशेला बघून हसतायत.

तू लिहितेस, "आईला तू लाकडी डबड्यात कोंडलंयस. विकून टाक ती बोट." त्या डबड्याच्या फळ्या बाबांनी आणि मी मिळून ठोकल्या. मी सोळाची होते आणि तू एकोणिसाव्या वर्षी विमानात बसून गेली होतीस. असो. बोटीवर राहणं सोपं आहे असं मी कधी म्हटलं नाही. प्यायचं पाणी कॅनमध्ये भरून होडक्यानं आणायचं, अंघोळ दोन मगांत उरकायची. पावसाळ्यात गाद्या सुकत नाहीत, पिठात किडे होतात, तळात झिरपलेलं पाणी रोज उपसावं लागतं. शौचाला बादली. वारा फिरला की हातातला घास टाकून उठायचं आणि नांगर धरतोय का ते पाहायचं. आईचा खुबा अजून नीट नाही, तिला शिडी चढवत नाही. मी जाड कापडाची झोळी शिवलीय. तिला तीत बसवते आणि शीड चढवायच्या दोरानं होडक्यातून वर ओढून घेते. पहिल्या दिवशी अख्ख्या खाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अगं ऑटलिन, मी काय सिमेंटचं पोतं आहे का!" आता वर लटकल्या लटकल्या शेजारच्या बोटींवर कोण काय रांधतंय ते बघून घेते.

आणि हे तुझ्या रंगीत पुस्तकात नाही, म्हणून सांगते. गेल्या शनिवारी गॅसची टाकी आणायला आम्ही शीड उभारून शेजारच्या पेटिट मार्टिनिक बेटावर गेलो. सुकाणू तिच्या हातात होतं. ब्याऐंशी वर्षांची बाई! समोरून पर्यटकांची मोठी पांढरी बोट आली, तर ही ओरडते, "बाजूला हो रे गाढवा, म्हातारी चालवतेय दिसत नाही का!" त्यानं खरंच वाट दिली. खाडीत परत येईपर्यंत हसत होती. तुझ्या त्या खोलीत तिला खिडकी मिळेल, मान्य.

तुझ्या नवऱ्याचा पुतण्याही येऊन गेला, "सहज भेटायला." सहज आलेला माणूस गादीखालच्या बुरशीचे आणि बादलीचे फोटो काढत नाही. आई मासे साफ करत होती. खवल्यांचं पाणी तिनं नेमकं त्याच्या बुटांवर ओतलं. मी अडवलं नाही.

आता तुझा प्रश्न. तीनदा लिहिलायस, तिसऱ्यांदा खाली रेघ मारून. जुलैच्या वादळात आई घरात एकटी का होती?

तुला सांगितलंय. ती निघायला तयार नव्हती. साऱ्या बेटाला ठाऊक आहे.

एवढं लिहून मी पेन ठेवलं, तळातलं पाणी उपसलं, तुरीचा भात चढवला. परत येऊन पाहिलं तर वाक्य तिथंच होतं. ते खोटं आहे. खोडत नाही, खाली खरं लिहिते.

आई तयार होती. सकाळी सातला व्हरांड्यात बसली होती. पायात बूट, डोक्यावर चर्चची हॅट, मांडीवर पिशवी. शाळेत लोकांची सोय केली होती, तिथं तिला सोडायचं होतं. गाडीनं दहा मिनिटं. मी म्हटलं, "आधी बोट बांधून येते, मग तुला नेते." ती म्हणाली, "जा. पण ये."

बोट तिवरांच्या खाडीत नेली. चार दोर झाडांना बांधले. शेजारी म्हातारा कॅन्यूट स्वतःची बोट बांधत होता. तो ओरडला, "बास झालं पोरी, आईला आण!" मी म्हटलं, "अजून एक दोर." पाचवा झाला, मग सहावा. कॅन्यूट निघून गेला. मी निघाले तेव्हा रस्त्यावर झाडं आडवी पडली होती आणि वाऱ्यात पाय ठरत नव्हता. परत फिरून बोटीत शिरले.

छप्पर उडालं तेव्हा आई स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली होती. भिंत टेबलावर कोसळली. मी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. हॅट तिच्या डोक्यावरच होती. मला बघून म्हणाली, "आलीस?"

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "आजी, शाळेत का नाही गेलात?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मीच हटून बसले. पोरगी पाया पडत होती." आणि मी मान हलवली. तेव्हापासून ती हे ज्याला त्याला सांगते आणि दर वेळी माझ्या तोंडी नवं काहीतरी घालते. परवा तर म्हणे मी रडत होते.

का केलंस, विचारशील. घर तिनं जूनमध्ये तुझ्या नावावर केलं होतं. मला न सांगता. माझी एकटीची म्हणावी अशी ही बोटच. त्या सकाळी मी माझं ते वाचवत होते, आणि आईला घराबरोबर तुझ्या वाट्याला टाकून मोकळी झाले होते. हे मी स्वतःशीसुद्धा आज पहिल्यांदा म्हणतेय, तेही तुझ्यावर चिडलेय म्हणून.

आत्ता हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "कॅन्यूटनं मला तेव्हाच सांगितलं होतं. सहा दोर."

"मग खोटं का बोललीस?"

"एक पोरगी समुद्रापार गेली माझी. दुसरीला इथं तोंड दाखवता आलं पाहिजे ना. पाठव पत्र."

तर पाठवतेय. एप्रिलमध्ये ये. धक्क्यावर घ्यायला येईन. आईला समोर बसवून विचार. ती तुझ्याबरोबर निघाली तर मीच तिला होडक्यात उतरवीन आणि एक शब्द बोलणार नाही. राहते म्हणाली तर तू बोलायचं नाहीस. बोट विकायचा विषय काढायचा नाही.

आणि मोठेपणा दाखवून मला माफ करू नकोस. मी तिला एका वादळात सोडलं. चौतीस वर्षांत, आभाळ स्वच्छ असताना, तूसुद्धा एकदाही तिला न्यायला आली नाहीस.

जिला ती "पण ये" म्हणाली होती, ती,
ऑटलिन