भिकू मिस्त्रीच्या पाच टोप्या

१ ऑक्टो., खंडेनवमी
लिही पमे. आजीच्या तोंडचं लिही, तुझ्या कॉलेजातलं नको.
सकाळपासून खालच्या आपल्या गॅरेजातली हत्यारं धुतली. पाने, पकडी, जॅक. पूजेला तेलकट कसं ठेवायचं? माझा मुलगा सुरेश फुलं आणायला दादरला. भिकू मिस्त्री गावी, परवा येणार. त्याने टेबलावर पेपर पसरून काय काय ओळीने मांडलेलं. इंजिनातले अर्ध्या बांगडीसारखे बेअरिंगचे तुकडे आणि त्यांच्यावर बसणाऱ्या पाच लोखंडी टोप्या. टोप्यांवर खडूचे फराटे. तीस वर्षं आमच्याकडे आहे, अजून पसारा आवरत नाही मेल्याला. सगळं रॉकेलात बुडवलं, पुसलं, कोऱ्या पेपरावर ओळीत ठेवलं. लख्ख! गिऱ्हाइकाची वस्तू म्हणून कुंकू नाही लावलं. एवढी अक्कल आहे मला.

३ ऑक्टो.
नाही. अक्कल नाही.
भिकू आला. नवीन बेअरिंग घातले, टोप्या आवळल्या, क्रँक, म्हणजे त्यांच्यात फिरणारा इंजिनाचा दांडा, हाताने फिरवायला गेला. हलेना. खोललं, परत आवळलं. तेच.
प्रत्येक टोपी आपापल्या जागीच लागते म्हणे. अदलाबदल झाली की क्रँक जखडतो. या जुन्या इंजिनावर आकडे नव्हते, म्हणून ती त्याची ओळ. म्हणून तो खडू.
सुरेश : "मिस्त्री, खुणा कुठायत?"
"मारलेल्या."
"मग पुसल्या कोणी? उंदराने?"
भिकू टोपी उलटसुलट करत राहिला. स्वतःशीच म्हणाला, "मारलेल्या काय नाय... माका आठवना नाय."
मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच. सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर काय पडावं? "अरे इंजिन राहू दे, आधी भिकूचं डोकं खोला!"
सगळे हसले. गाडीवालासुद्धा. भिकूही हसला, पण जरा उशिराने.
पमी हे लिहिताना मान वर करत नाही.

४ ऑक्टो.
जेवण नाही गेलं. सुनेला सांगितलं, पित्त.
पमी म्हणते, "आजी, बाबांना सांगून टाक ना." सांगते गं. सगळ्या चाळीच्या चुका आजवर चवीने चघळल्या, स्वतःची एक गळ्याखाली उतरत नाही.
भिकू दिवसभर इंजिनावर वाकलेला. पहिली न् शेवटची टोपी घडणीनेच वेगळी, त्या बसल्या. मधल्या तीन सारख्या. बदलतो, आवळतो, फिरवून बघतो, सैल करतो. मला म्हणाला, "काकी, जरा लाईट लावा." मी लावली. बोलायला तेवढीच संधी होती, दोघंच होतो. बटण दाबून वर आले.

५ ऑक्टो., रविवार
सुट्टी असून आला. दु. बाराला खालून हाक, "काकी, या बघूक!"
क्रँक बोटाने फिरत होता. मलाही फिरवायला लावला. लोण्यासारखा. माझा जीव भांड्यात. म्हटलं, सुटले. झालं ना बरोबर? मग कशाला...
तेवढ्यात भिकूने खिशातून छोटी डायरी काढली. कोरी. "आता सगळा लिवन ठेवतंय. गेल्या महिन्यात छत्री इसारलंय, आता ह्यां." आणि म्हणाला, दिवाळीनंतर कामावर येणार नाही. त्यानेच सुरेशला सांगितलंय. "कोणाची गाडी घाटात बंद पडली तर, काकी?"
मी म्हणाले, "छत्री सगळेच विसरतात."
एवढंच म्हणाले.

६ ऑक्टो.
सुरेशने लोअर परळचा एक मिस्त्री बघून ठेवलाय. भिकूला निरोपाचं काय द्यायचं, विचारत होता. शर्टपीस देऊ का, म्हणे. बशीतला चहा सांडला माझ्या हातून. वय झालं आई तुझं, म्हणाला. वय नव्हे रे बाबा.
सुरेश ओरडेल त्याचं काही नाही, त्याचं ओरडणं पाळण्यापासून ऐकतेय. भिकू ओरडणार नाही. "असांदे काकी" म्हणेल न् कामाला लागेल. त्याचीच धास्ती.
तरी जाते. आत्ताच. गॅलरीतून दिसतंय, शटर अर्धं वर आहे, खाली त्याचे पाय. एकटाच आहे.
पमी विचारते, "मी येऊ?" नको बाई. ऐकायला कोणी असलं की मी काहीतरी चावट बोलून मोकळी होते.
पहिलं वाक्य काय बोलायचं ते सुचवलंस तर बरं. हे नको. हेही नको. हे तर अगदी कॉलेजातलं...
मिट वही. चपला दे.