राखीव टेबल

तीर्थरूप आत्या हिला,

शिन्चू शहराच्या वाऱ्याने अजून उडवून न नेलेल्या बिंग-यानचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? आतोबांची साखर? आणि तुझी ती मोठी वाफेची भांडी? (भांड्यांची चौकशी नसलेलं पत्र तू पुरतं वाचत नाहीस, हे मला आई सांगून गेली आहे.) तू पाठवलेले पेरू मिळाले. निम्मे मी खाल्ले, निम्मे ऑफिसात पळवले गेले, आणि त्या दिवसापासून इथले लोक मला नावाने नाही, 'पेरूवाल्या आत्याचा भाचा' म्हणून ओळखतात.

आत्या, पत्र आभाराचं आहे. तू माझी नोकरी वाचवलीस. आता तू कपाळाला हात लावून म्हणशील, 'मी कधी रे वाचवली, मी तर त्या दिवशी डुकराचे पाय उकडत होते!' तेच सांगतो. जरा बैस.

आमची कंपनी छोट्या पेट्या बनवते. डोंगरातल्या दवाखान्यांमधून रुग्णांचे कागद, फोटो, सगळं या पेट्यांत साठवतात. पेटीत एक डिस्क असते, म्हणजे कोठार. आणि मेमरी असते, म्हणजे तुझा मेजवानीचा मांडव, जिथे त्या क्षणाचं काम चालतं. या दोघांमध्ये ने-आण करणारा जो प्रोग्राम, त्याला ड्रायव्हर म्हणतात, पण तू त्याला वाढपीच समज. मी त्या वाढप्याचा मुकादम. जुन्या पेट्यांचा मांडव एवढासा. त्यात नवी प्रणाली मावेना, कारण आमचा वाढपी फार ऐटीत वागायचा: पेटी सुरू झाली रे झाली, की एकही पाहुणा (म्हणजे ने-आण करायचं काम) आलेला नसताना सगळ्या गावाला पुरतील एवढी टेबलं मांडून मोकळा! वरून हुकूम आला, की नवी प्रणाली जुन्या पेट्यांत बसवा, नाहीतर पेट्या भंगारात, आणि आमची चार माणसांची तुकडीही त्यांच्याच मागोमाग. आमच्या प्रमुख लोबाई एरवी भूकंपातसुद्धा चहा संपवून मग बाहेर पडणाऱ्या. पण त्या दिवशी त्यांचाही चहा गार झाला.

मग मी कंबर कसली. (माझी ठीक आहे, तुझ्यासारखी नाही.) एकूण एक मांडलेलं टेबल उचललं. पाहुणा दारात आला की मगच टेबल उघडायचं, गेला की मिटायचं. मेमरीचा खर्च असा धाडकन खाली आला की लोबाईंनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि मी मूर्खासारखा अख्ख्या मजल्याला साबुदाण्याचा चहा पाजला. दवाखान्यांचे मुख्य डॉक्टर पान बघायला आले. पेटी सुरू केली, झकास चालली. डॉक्टर म्हणाले, आता गळ्यापर्यंत भरा. भरली. आणि ती जी थिजली, ती थिजलीच. हूं नाही की चूं नाही.

आता इथे एरवीच्या माणसाने चूक कुठे झाली ते शोधलं असतं. आम्ही आधी पेटीच्या डोक्यावर पाहिलं. तिथे ठेवलेली कुआई-कुआई खाऊची पिशवी पिवळी! (हिरवी पिशवी ठेवली की यंत्र शहाण्या बाळासारखं वागतं, पिवळी ठेवली तर रुसतं, हे तुला काय सांगायचं, तुझ्या फ्रीजवर हिरवीच आहे.) आमच्या तुकडीतल्या गाओने, दुकानात हिरवी संपली म्हणून, पिवळी आणून ठेवली होती. त्या बिचाऱ्याला जी बोलणी बसली म्हणतेस! शिकलेसवरलेले लोक आम्ही, पण एकानेही माझ्या प्रोग्रामकडे बोट दाखवलं नाही. डॉक्टर पानही मान डोलावत म्हणाले, 'पिवळी? मग काय होणार!' आणि पुढच्या आठवड्यात परत येतो म्हणून गेले. हिरवी पिशवी आणली, खाऊ शिळा नाही ना म्हणून तिच्यावरची तारीख तपासली, पेटी पुन्हा भरली. पुन्हा थिजली. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली.

त्याच संध्याकाळी पेरू पोचले का विचारायला तुझा फोन आला आणि मी तुझ्यापाशी रडगाणं गायलं. मांडव गच्च भरला, की जागा करायला सामान कोठारात हलवावं लागतं. हलवायला वाढप्याला एक टेबल लागतं. टेबल मांडायला जागा नाही. वाढपी जागेची वाट बघतोय, जागा वाढप्याची. मागे तुझ्या भांड्यांची खडखड चालली होती. तू ओरडलीस, 'अरे गाढवा, राखीव टेबल कुठंय तुझं?' मी म्हटलं, काटकसर म्हणून सगळीच काढली. तर म्हणालीस, 'ही काटकसर नव्हे, हा कद्रूपणा! बाकीची खुशाल मिटून ठेव. पण एक ठेवायचं, कोपऱ्यात, कुणाला द्यायचं नाही, पाहुणा उभा राहिला तरच उघडायचं. आणि तो उठला की पुसून परत राखीव! ठेव फोन, माझं तेल तापलंय.'

आत्या, लहानपणापासून तुझ्या मांडवाच्या कोपऱ्यात मी ते टेबल पाहत आलो. सगळे पदार्थ तयार, पण मांडायचं नाही. यजमानाने पैसे द्यायचे ते उघडलं तरच. बाबा गेल्यानंतर त्या टेबलाचा खेकड्याचा भात अख्खाच्या अख्खा आमच्या घरी यायचा. आई म्हणायची, आज पाहुणे कमी आले, आपलं नशीब. हे सगळं माहीत असून मला प्रोग्राम लिहिताना ते आठवू नये!

एक टेबल ठेवलं. अगदी छोटं. डॉक्टर पान पुन्हा आले, पेटी गळ्यापर्यंत भरली, ती कण्हली, कुंथली, पण थांबली नाही. डॉक्टरांनी जुन्या सगळ्या पेट्या ठेवून घेतल्या. तुकडी वाचली. लोबाईंनी नवा चहा मागवला आणि गरम असताना प्यायला. प्रोग्राममध्ये त्या राखीव जागेला मी 'आत्या' असंच नाव दिलंय. तुझे उपकार मानायला मला दुसरी जागा सापडली नाही.

तुझाच,
बिंग-यान

ता. क. : एवढ्या कष्टाने वाचवलेली मेमरी पडद्यावरची चित्रं करणाऱ्या विभागाने काल मागून घेतली. आता पेटी सुरू होताना तिच्या पडद्यावर एक मांजर नाचतं. छान नाचतं, मेलं.

ता. क. : कंपनीच्या आवारात, गाड्या लावतो तिथे, शरद पौर्णिमेला मेजवानी ठरली आहे. तुमच्या नेइमेन गावाहून तू, तुझी भांडी आणि तंबू येणार, असं मी लोबाईंना सांगून बसलोय. तू हो म्हणालीस असंही सांगितलंय. रागावू नकोस, इथल्या लोकांना अन्न म्हणजे काय ते ठाऊक नाही.

ता. क. : लोबाईंनी मला राखीव टेबलावर एक मोजणी लावायला सांगितली, ते कितीदा उघडतं बघायला. म्हणाल्या, जे कधीच उघडत नाही ते राखीव नसतं, ते कुणाच्या तरी नावाने मांडलेलं असतं. तेव्हापासून मी आठवून बघतोय. पाहुणे किती येणार याचा तुझा अंदाज सगळ्या पंचक्रोशीत कधी चुकला नाही, तरी ते टेबल तू दर मेजवानीला ठेवायचीस, आणि ते एकदाही उघडलं नाही. आई नशीब म्हणायची. आत्या, पौर्णिमेला ते टेबल उघडायचं, आणि त्यावर तू आणि आतोबांनी बसायचं. वाढायला मी आहे.