गोठण्याआधी संपलेली तर्री

सातपूर, नाशिक

चि. निकिता हिस,

गोरक्षमामाचे आशीर्वाद. तू, तुझा मायक्रोस्कोप आणि तुझे ते स्ट्रेस ग्रॅन्यूल असे सगळे पुण्यात सुखरूप आहात असं धरून चालतो. फोन केला की तू लॅबमध्ये असतेस, म्हणून कागद घेतला. (कागद मधेच कट करता येत नाही.) माझं बीपी ठीक, गुडघे कुरकुरतात. मामीची तब्येत उत्तम, जेवण उत्तम, फक्त मी कोण ते तिला अजून आठवत नाही.

पण अपमान मुळीच नाही, उलट मान वाढलाय. लग्न झाल्यापासून जिने मला ‘ऐकता का, की कानात बोळे घातलेत’ याशिवाय हाक मारली नाही, ती आता मला बाहेरच्या खोलीत बसवते, पाण्याचा तांब्या पुढे करते आणि विचारते, “पाव्हणं, कुढून आलात?” मी म्हणतो, सातपूरहून. (खोटं नाही.) मग जेवूनच जा म्हणते. इतक्या अदबीनं वागवला जाणारा नवरा अख्ख्या नाशिक जिल्ह्यात नसेल. पण मला रागावणारं घरात कोणी उरलं नाही निकिता, आणि त्याचं फार वाईट वाटतं. शेजारीही येईनासे झालेत, काय बोलावं ते त्यांना सुचत नाही.

अशात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष पुंजाराम म्हणाले की भाचीच्या विषयावर व्याख्यान द्या. मी लगेच हो म्हटलं. चार माणसं भेटतील आणि मामीला काय झालंय ते सगळ्यांना एकदमच सांगून होईल, हा माझा बेत. तू समजावलेलं मी कारखान्याच्या भाषेत सांगितलं. वर्कशॉपात लाईट गेली की आपण मशीनवरचे अर्धवट जॉब काढून एका क्रेटमध्ये ठेवायचो, फेकायचो नाही. लाईट आली की पुन्हा काम चालू. पेशीवर ताण आला, उष्णतेचा म्हणा, विषाणूचा म्हणा, की तीही प्रथिनं बनवण्याचं बरंचसं काम थांबवते आणि कामाचे निरोप, म्हणजे ते आरएनए, काही प्रथिनांसकट एका जागी गोळा करते. फक्त या क्रेटला भिंत नसते. नुसता थेंब, तेच तुझं स्ट्रेस ग्रॅन्यूल. ताण सरला की थेंब विरघळतो.

आता भिंत नसलेला थेंब दाखवायचा कसा? मिसळीच्या रश्श्यावर तर्रीचे थेंब असतातच, म्हणून पातेलंभर रस्सा करून नेला आणि त्यात तेलाऐवजी डालडा घातला. गरम असताना थेंब एकमेकांत मिसळतील आणि व्याख्यान संपेपर्यंत गार होऊन गोठतील. म्हणजे ताण फार काळ टिकला तर हे थेंब घट्ट होऊन बसतात आणि मेंदूच्या काही आजारांत असंच काहीसं होत असावं, हे सांगता येईल. (पक्कं सिद्ध झालेलं नाही, हे तू बजावलेलं वाक्यही पाठ केलं होतं.)

मामीला एकटं ठेवता येत नाही, म्हणून तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मी ‘आता निरीक्षण करा’ म्हणत झाकण काढलं. मामीनं पाहिलं, माणसं बसलीत, रस्सा गरम आहे आणि कोणी वाढत नाही. एवढा अधर्म तिला सोसवेना. तिनं पदर खोचला, चहाचे कागदी कप घेतले आणि वाढायलाच लागली. मी डालडा, डालडा म्हणून ओरडत राहिलो. पुंजाराम म्हणाले, “विषय लय भारी हे, पण पाव नाय का?” कोणीतरी पळत जाऊन पावाच्या लाद्या आणल्या. आमच्या घराकडे न फिरकणारी माणसं तिच्या हातून मागून मागून घेत होती. शेवटी ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “लाजू नका, पाव्हणं.” मी घेतला. मीठ कमी पडलं होतं. तर्री गोठण्याआधीच संपली, त्यामुळे आजाराचा भाग राहूनच गेला. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

तुझ्या आईला सांग, दादा वेळेवर जेवतो.

तुझा,
गोरक्षमामा

ता. क. घट्ट झालेला थेंब पुन्हा विरघळवायचं काही तुमच्याकडे निघालंय का? उंदरात का होईना.

ता. क. २. वरचं उत्तर सवडीनं दे. खरं काम वेगळंच आहे. येत्या रविवारी ये. तिच्यासमोर तिला मामी म्हण आणि लगेच मला मामा म्हण. बघू, तिला नातं जुळवता येतं का.

ता. क. ३. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात तिनं विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, बायको होती, बरेच दिवस झाले, कुठं गेली कळत नाही. तिला फार वाईट वाटलं. म्हणाली, “येतील हो. तवर इथंच राहा. आमाला काय जड नाय.” तेव्हा रविवारी नाही जमलं तरी चालेल. माझी राहायची सोय झाली आहे.