चौकातले डॉक्टर

कामोठे, ५ जानेवारी २०२५

ती. सरस्वतीवन्संना साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आता पेशंट मंडळी चौकात ह्यांचा पुतळा बसवतायत. येत्या रविवारी कार्यक्रम आहे. आशुतोषला सुट्टी नाही, तो मेलबर्नहून ऑनलाइन बघेल म्हणाला. स्टेजवर मला एकटीलाच बसायचंय. तुम्ही याल का?

आपली,
वैजयंती


गुहागर, ८ जानेवारी

चि. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत गं. जयप्रकाशचा पुतळा म्हणजे कमालच झाली! फोटोपुरतासुद्धा तो कधी एका जागी उभा राहिला नाही. तू मोरपिशी साडी नेस. रडू आलं तर येऊ दे, लोकांचं टेन्शन घेऊ नकोस.

तुझी,
सरस्वती


कामोठे, १४ जानेवारी

ती. वन्संना नमस्कार.

कार्यक्रम थाटात झाला. जुन्या गावातले गोटीराम बोलायला उठले. त्यांच्या आईला साप चावला होता. डॉक्टर भरल्या मांडवातून उठून आले म्हनून आय वाचली, असं सांगताना ते रडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. वन्सं, तो मांडव आशुतोषच्या मुंजीचा होता. बटूला मांडीवर घ्यायला बाप नव्हता, कमळाकरभावोजींनी घेतलं. मग एकेक जण उठून सांगत गेला, आणि ज्या ज्या वेळी ह्यांचं ताट झाकून मी बसले होते, त्या त्या वेळी हे कुठे होते ते मला कळत गेलं. राग नाही आला. एवढ्या लोकांना हे मिळाले, मला कधी मिळाले, तेच आठवेना.

काल पुन्हा चौकात गेले. पुतळ्याजवळ उभी होते, तर एक मुलगी म्हणाली, आंटी, जरा बाजूला व्हाल का, बाळाचा डॉक्टरांबरोबर फोटो काढायचाय. मी बाजूला झाले.

माया असू द्या.

वैजयंती


गुहागर, १८ जानेवारी

चि. वैजयंतीस आशीर्वाद.

फ्लॅटला कुलूप लाव आणि ये. इथे त्याला कोणी डॉक्टर म्हणत नाही. आंबे चोरणारा, विहिरीत उड्या मारणारा आमचा जया एवढीच त्याची ओळख. तो तुला कधी भेटलाच नाही. मी सांगेन, जरा मोठ्याने विचारत जा. परत कधी जाणार, असं इथे तुला कोणी विचारणार नाही.

वाट बघते.
सरस्वती