घाटाखालची कळशी

दिग्रस, १४ फेब्रुवारी १९६१

प्रिय प्रेमसिंग,

अक्षर ओळखून पत्र चुलीत टाकणार असशील, तर आधी वाच आणि मग टाक. यवतमाळच्या जिनिंगमध्ये तू कापसाच्या गाठी उचलतोस असं कळलं. माझ्या हाताखाली तयार झालेला ड्रायव्हर पाठीवर गाठी वाहतो, हे ऐकल्यापासून जेवण गोड लागलेलं नाही.

वर्षभरात शेठच्या ट्रकचे पुढचे ब्रेक-ड्रम तीनदा वेडेवाकडे झाले. दर वेळी मी ते लेथवर घासून दिले आणि तुझ्या नावानं बोंब मारली, की हा पठ्ठ्या पुसदचा घाट उतरताना गाडी गिअरवर धरत नाही, ब्रेकवर पाय देऊन बसतो. शेठसमोरही तेच बोललो. त्यांनी तुझ्याकडून किल्ली काढून घेतली. तू खाली मान घालून उभा राहिलास आणि मी त्यालाच कबुली समजलो. एवढा मी शहाणा!

परवा नव्या ड्रायव्हरबरोबर पुसदला निघालो होतो. घाट उतरताच तुझा तांडा लागतो, म्हटलं खबर घ्यावी. गाडी थांबते न थांबते तोच तुझी आई, रुपीबाई, कळशी घेऊन लगबगीनं आली आणि पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी ओतून मोकळी झाली. चर्र आवाज, नुसती वाफ! मी ओरडणारच होतो, तर हसून म्हणते कशी, “बैलाईचे पाय धुवत होतो, आता हिचे धुतो. माह्या लेकाले हेच त घरी आनते.” तू आलास की दर खेपेला धुवायची म्हणे. सध्या तू लांबच्या खेपेवर आहेस, असं तू तिला सांगितलंयस. मी चहा पिऊन निघालो.

तापलेल्या ड्रमवर पाणी पडलं की त्याचा गोलावा जातो, हा मी तुला दिलेला पहिला धडा. म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. आईचं नाव येऊ नये म्हणून गप्प राहिलास. रागही आला तुझा. थरथरत्या पेडलवर घाट उतरत होतास, एखाद दिवशी जिवावर बेतलं असतं, मला तरी सांगायचंस! पण मी तुला तोंड उघडू दिलं होतं कुठे?

रुपीबाईला काही बोलू नकोस. तांड्याच्या अलीकडे गाडी उभी कर, चाकाखाली दगड लाव, ड्रम निवून त्यावर हात ठेववला की मगच पुढे हो. मग खुशाल धुऊ दे तिला.

काल शेठकडे जाऊन चार माणसांदेखत सांगितलं, की ड्रायव्हरचा दोष नव्हता, चूक माझी. किल्ली माझ्या खिशात आहे. खरं तर पत्र लिहायला बसलो ते माफी मागायला, पण तो शब्द लेखणीतून उतरेना, म्हणून इतका वेळ ड्रमचंच बोलत राहिलो. माफ कर, बेटा. सोमवारी ये.

तुझाच, तू अजून म्हणत असशील तर उस्ताद,
रहेमान