विहिरीच्या प्रसंगातली शांतता

९ मार्च, सोमवार. वागादुगू.
नोराओगो काफान्दो सकाळी सहाला वारला. मोपेडवर त्याच्या घरी गेलो, अंगणात खुर्च्या लावल्या, परत आलो. रेडिओवर ‘देशाचा थोर दिग्दर्शक’. अकरा सिनेमांची नावं सांगितली. अकराही सिनेमांचं ध्वनिमुद्रण माझं. माझं नाव नाही. हाव नाही मला. फक्त किळस आली.

१० मार्च
दफन गुरुवारी. चुलतभावाचा निरोप, ढोल घेऊन येतोय. आम्ही सामो जमातीचे, नोराओगो मोसी; दोन्ही जमातींत थट्टेचं जुनं नातं. मोसी मेला की सामोंनी जाऊन त्याची टिंगल करायची, नकला करायच्या, कबरीच्या खड्ड्यात आडवं व्हायचं, घरच्यांनी बोकड कबूल केल्याशिवाय उठायचं नाही. अठ्ठावीस वर्षांचा मित्र गेला आणि मी माकडचेष्टा करू? शिसारी. कळवून टाकलं, मी भाषण करणार. गंभीर. दोन पानं.

११ मार्च
सात पानं झाली. मुख्य मुद्दा आमच्या सिनेमातला विहिरीचा प्रसंग. बाई घागर सोडते आणि कसलाच आवाज येत नाही. पॅरिसच्या समीक्षकांनी त्या शांततेवर लेख लिहिले. नोराओगो दर मुलाखतीत सांगायचा, ‘कल्पना माझी.’ वास्तविक ध्वनिमुद्रणाच्या मशीनवर मी होतो. बटण दाबायचं राहिलं, हा तपशील झाला. कलावंताचा हात कधी कधी आपणहून थांबतो.
उद्या रडायचं नाही.

१२ मार्च, गुरुवार
काळा सूट. ऊन. ‘या सिनेमांचा आत्मा मी होतो,’ एवढं म्हणालो आणि मंत्र्यांसकट सगळे हसले. मागून कुणा मोसीने सामोंची नेहमीची शिवी घातली, “वा रे कुत्रेखाऊ, सुरुवात झकास.” मी आणखी गंभीर झालो. लोक आणखी हसले. विहिरीच्या प्रसंगापाशी आलो आणि रडू फुटलं. टाळ्या पडल्या. चुलतभावाने खड्ड्यातून डोकं वर काढलं. “दादा, हे आम्हाला नसतं जमलं.”
उरलेली पानं कुणी ऐकली नाहीत.
नंतर नोराओगोच्या बायकोने, तालातोवहिनींनी, बाजूला बोलावलं. हसून हसून डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, विहिरीचा विषय काढलात, बरं केलंत. बटण राहिल्याचं त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. निर्माता तुम्हाला काढायला निघाला होता. म्हणून म्हणाले, कल्पना माझी.”
मी म्हणालो, ऊन फार आहे.
घरी आलो. सूट खुंटीला लावला. कालचं भेंडीचं कालवण गरम करून खाल्लं. मशीन खाली काढून पुसलं. सेल काढून ठेवले.